गाठ जैबूची, अक्षर माझं

जैबू गेल्याचा फोन सकाळी सातला आला. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. तिची सून शबाना रडत म्हणाली, "मावशी, अम्मी गेल्या ओ…" आणि मी भिंतीला टेकायच्या आत तिचं दुसरं वाक्य आलं, "सरदारला काय घालू खायाला? कालपास्नं त्यानं चोच लावली न्हाय." दूध उतू गेलं. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. सरदार म्हणजे जैबूचा पोपट. तिच्या मरणाच्या बातमीतसुद्धा तो मेला दुसऱ्याच वाक्याला येऊन बसला होता, जसा गेली चार वर्षं माझ्या जागेवर येऊन बसत होता. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायचं असतं म्हणतात. जैबूबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे, दुसरं लिहायला तिनं काही ठेवलेलंच नाही. वाईट आहे ते माझ्याबद्दलचं, आणि तेही इथंच लिहावं लागणार आहे.

जैबुन्निसा तिचं पूर्ण नाव. शिवाजी पेठेत एकाच बोळात आमची घरं, समोरासमोर. तिचं घराणं पटवेगारांचं, म्हणजे सोनाराकडून आलेले मणी, पानं, पुतळ्या दोऱ्यात गाठवून ठुशी, साज, बोरमाळ तयार करून देणाऱ्यांचं. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढं तिच्या वडलांनी तिला कामाला बसवली आणि मी शिकत राहिले, शिक्षिका झाले. तिसरीत असताना एकदा तिनं अर्धा पेरू खाऊन उरलेला माझ्या हातात दिला आणि मी तो आमच्या उंबऱ्यावर बसून चाटूनपुसून खाल्ला. आईनं बघितलं. "त्येंच्या घरचं पानी पीत न्हाय आपण, आन् तू तिच्या तोंडातलं खाल्लंस?" मी म्हटलं, "व्हय, खाल्लं. ग्वाड हुता." त्यावर उलथन्याचे जे फटके बसले, त्यातल्या एकाचा वण अजून पोटरीवर आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत मी जैबूला वण दाखवला. तिनं तो नीट बघितला, आणि मधल्या सुट्टीत पुन्हा अर्धा पेरू दिला. तर जैबूचं उष्टं खायचा हक्क मी असा मार खाऊन मिळवलेला आहे. हे एवढ्यासाठी सांगतेय, की पुढचं वाचताना माझ्या पोटात नेमकं काय दुखत होतं ते कळावं.

लग्नं झाली, पण दोघी पेठेतच राहिलो. माझी शाळा सुटली की पाचच्या सुमारास मी तिच्याकडं जायची. खिडकीखाली वाकळीची घडी टाकलेली असायची, ती माझी जागा. जैबू पाय पसरून बसायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, दुसरं ओठात धरून ओलं करायची आणि मणी ओवत जायची. बारीक मणी, मोहरीएवढे, पण तिची नजर त्यावर नसायचीच. ती माझ्याकडं बघत गप्पा मारायची आणि बोटं आपलं काम करायची. तयार दागिना गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून त्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं असतं. तिचं अक्षर कोंबडीचे पाय. माझं अक्षर मात्र असं की शाळेच्या फळ्यावर तीस वर्षं सुविचार मीच लिहिला. म्हणून पुड्यांवर नावं मी घालायची. "गाठ माझी, अक्षर तुझं," ती म्हणायची, "सोनाराचं निस्तं सोनं." त्यावर आम्ही दोघी हसायचो आणि ती बशीत चहा ओतायची. चाळीसेक वर्षं हे चाललं. माझा नवरा थट्टेनं म्हणायचा, तुझं लग्न माझ्याशी झालंय का पटवेगारणीशी? मी म्हणायची, अजून ठरलं न्हाय.

तिचा नवरा वारला तेव्हा मी तिच्यासोबत रडले. पण मनात, देवा क्षमा कर, एक कोपरा सुखावला होता. वाटलं, मी रिटायर झालेय, तिची पोरं मार्गी लागलीत, आता दोघी म्हाताऱ्या निवांत. आणि दोन महिन्यांत तिचा मुलगा इरफान आईचा जीव रमावा म्हणून कुठल्याशा बाजारातनं टोपलीखाली झाकलेला पोपट घेऊन आला. पहाडी पोपट, खांद्यावर लाल पट्टा, ऐटीत मान वाकडी करून बघणारा. जैबूनं त्याला सरदार नाव ठेवलं. असले आपल्याकडचे पोपट घरात पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं, शाळेत पोरांना मीच शिकवलं होतं. मी तसं म्हटलंसुद्धा. जैबू म्हणाली, "आगं, पेठंत धा घरात हायत. कोन बगतंय?"

आठवड्याभरात तो माझ्या वाकळीवर बसायला लागला. मी गेले की जैबू त्याला उचलून स्वतःच्या गुडघ्यावर घ्यायची आणि मी त्याची घाण पुसून तिथं बसायची. ती माझ्याकडं बघून गप्पा मारायची ते बंद झालं, बघायची त्याच्याकडं. आणि बोलायची कसं? माझ्याशी ती जन्मभर पेठेतली मराठी बोलली. घरातली त्यांची दखनी मला कळते, पण माझ्याशी ती कधी त्या भाषेत बोलली नाही, मी पाहुणीच राहिले. आणि हा दोन दिवसांचा पोपट, त्याला मात्र, "क्या हुआ रे तेरेकू? आ मेरे सरदार, आ मेरे राजा…" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एके दिवशी तर बघते, तिनं भिजवलेली हरभऱ्याची डाळ तोंडात चावली, जिभेच्या टोकावर घेतली आणि तोंड पुढं केलं. त्यानं चोचीनं अलगद उचलून घेतली. मी म्हटलं, "शी! जैबू, काय ही घाण!" ती हसून म्हणाली, "लेकरू हाय गं. बिनआईचं." घाण वाटली म्हणून मी ओरडले असं तिला वाटलं. मला पेरू आठवला होता. ज्या उष्ट्यासाठी मी उलथन्याचे फटके खाल्ले, ते या पाखराला फुकटात, रोज, दोन वेळा.

घरी येऊन मी नवऱ्यापाशी धुसफुसले. तो म्हणाला, "पाखरावर जळतीस? साठी आली की गं तुझी." जळत होते. त्याच्या वाकड्या मानेवर, त्याच्या लाल पट्ट्यावर, त्याच्या शिळेवर जळत होते. नवऱ्याच्या बाबतीत मला कधी कुणाचा असा मत्सर वाटला नाही.

त्या जळण्याचा कडेलोट झाला ईदच्या दिवशी. ईदला जैबूच्या घरी शिरखुर्म्याची पहिली वाटी माझी. तिच्या सासूच्या वेळेपासूनचा हा नेम. गेल्या ईदला मी नवी साडी नेसून दारात उभी, आणि जैबू आत वाटीतलं खजूर बारीक करून सरदारला भरवतेय. मला बघून म्हणाली, "थांब की गं जरा, ह्याचं हुंदे." मी थांबले. शिरखुर्मा खाल्ला, गोड म्हटलं. घरी आले आणि वहीचं पान फाडून वनखात्याला पत्र लिहिलं. 'अमुक बोळात अमुक घरी पहाडी पोपट बेकायदा कोंडून ठेवला आहे, त्वरित जप्त करावा.' खाली 'एक जागरूक नागरिक'. अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. जागरूक! मुक्या जिवाचा कळवळा म्हणून मी ते लिहिलं असतं तर आज ताठ मानेनं सांगितलं असतं. मला फक्त माझी वाकळ परत हवी होती.

तीन आठवड्यांनी वनखात्याची माणसं आली. पण त्यांच्यातल्याच एकाची आई जैबूकडं बोरमाळ गाठवून घ्यायची. ती म्हातारी त्या दिवशी सकाळीच येऊन सांगून गेली होती. दुपारी ते आले तेव्हा घरात ना पिंजरा ना पीस. सरदार एका पोत्याखाली शेजारच्या माळ्यावर होता. संध्याकाळी मी जैबूकडं गेले. "कुनीतरी आपल्यातल्यानंच लावून दिलंय शाले," ती म्हणाली, "मला जेलात घाटलं तरी चालंल, पर त्याला न्हेऊ दिनार न्हाय." मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. मी!

मला वाटलं होतं पोपट जाईल. पोपट गेला नाही, जैबूच गेली आतल्या खोलीत. मागची अडगळीची खोली तिनं रिकामी केली, तिच्या एकुलत्या खिडकीला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पुठ्ठे ठोकले, पिंजरा तिथं ठेवला आणि त्याला एकटं वाटू नये म्हणून स्वतःचं कामही तिथंच मांडलं. आधी ती पिंजरा रोज सकाळी बोळात नळाखाली धुवायची. आता पाण्याबरोबर विष्ठा, पिसं गटारीत दिसतील म्हणून पाणीच बंद. वाळलेली घाण कोरड्या केरसुणीनं खरडायची, कागदात गुंडाळायची आणि बाजाराच्या पिशवीतनं लांब नेऊन टाकायची. दार लावलं की त्या खोलीत बल्बच्या उजेडात धूळ तरंगताना दिसायची. मी तिथं जेमतेम दहा मिनिटं बसायची, नाव लिहायची पुडी हातात घ्यायची आणि उजेड न्हाय म्हणून बाहेरच्या खोलीत येऊन लिहायची. त्या अंधारात सरदार खंगायला लागला. पिसं फुगवून बसायचा, डोळ्यांतनं पाणी, हिरवी पातळ घाण. जनावरांच्या डॉक्टरकडं नेता येत नव्हतं, गुन्हाच तो. जैबू पदराच्या टोकानं त्याचे डोळे पुसायची आणि तशीच आपल्या तोंडातनं त्याला घास द्यायची. मला मनातनं बरं वाटत होतं. मरेल, असं वाटत होतं.

थंडीत जैबूला ताप आला. डोकं इतकं दुखायचं की ती भिंतीवर आपटून घ्यायची. कोरडा खोकला. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप हटेना, मग दवाखान्यात ठेवलं. छातीच्या फोटोत न्यूमोनिया निघाला. मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसलेली. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बरंच काय काय विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, "घरात कोंबड्या, कबुतरं, पोपट, असं काही आहे का?"

जैबूनं मान हलवली. नाही. आणि पांघरुणाखालनं माझा हात धरून दाबला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? कायद्याला भिऊन नव्हे. आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा जैबूनं माझा हात धरला होता म्हणून. आमच्या दोघींचं एक गुपित होतं, सरदार त्या गुपितात होता पण तिथं नव्हता, आणि ती हात माझा दाबत होती. मला आनंद झाला होता. तापानं फणफणलेल्या माणसाच्या उशाशी बसून मला आनंद झाला होता, आणि तो आनंद मी आठ दिवस सांभाळला. ती जड होत गेली, बोलायची बंद झाली, तिला नळ्या लावल्या, तरी मी कुणाला काही बोलले नाही.

आठव्या दिवशी शबाना बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि खोकायला लागली. तोच कोरडा खोकला. "डोस्कं लई दुकतंय मावशी," ती म्हणाली. पिंजरा आता ती झाडत होती. मी उठले आणि धावतच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "पोपट हाय. घरात पोपट हाय, आजारी." त्यांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. "अहो, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना तुम्हाला?" त्यांनी त्याच तासाला औषध बदललं. मग मला समजावून सांगितलं. पोपटाच्या विष्ठेत, डोळ्यानाकाच्या पाण्यात एक जंतू असतो. वाळल्यावर त्याची धूळ होते, ती माणसाच्या श्वासातनं फुप्फुसात जाते. तोंडातनं भरवलं, की तोही एक रस्ता. पाखरू वरनं धडधाकट दिसत असलं तरी त्याच्या अंगात तो असू शकतो, आणि त्याला कोंडलं, घाबरवलं, जागा बदलली, की जास्त बाहेर पडायला लागतो. न्यूमोनियाची नेहमीची कितीतरी औषधं त्याला लागू पडत नाहीत. लागू पडणारं औषध आहे, साधंच आहे, पण ते वेळेत सुचायला पोपट माहीत असावा लागतो. मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. कोंडलं कुणी, घाबरवलं कुणी, हे त्यांना माहीत नव्हतं.

शबाना गोळ्यांनी बरी झाली. जैबूच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत तोवर काही राहिलं नव्हतं. दोन दिवसांनी ती गेली. तपासायला पाठवलेल्या नमुन्यात तोच जंतू निघाल्याचं आम्हाला नंतर कळलं.

आणि सरदार जगला. इरफाननं स्वतः फोन करून त्याला सरकारी माणसांच्या ताब्यात दिलं. कुणी त्याला जेलात घातलं नाही, मास्क लावलेल्या पोरींनी पिंजरा नीट झाकून नेला, एवढंच. जैबू ज्याला आठ महिने भ्याली ते एवढंच होतं. तिकडं पोपटाला तेच औषध चालू केलं, दीड महिना द्यायचं असतं म्हणे. जैबूला दोन दिवस मिळालं, त्याला दीड महिना. यावरही मी जळले. खोटं कशाला बोलू? तुमच्या घरी असा पक्षी असेल तर माझ्या रागाकडं बघू नका, डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा, नाही विचारलं तरी सांगा.

चाळीसाव्याला जैबूच्या घरी गेले. फातिहा झाला, जेवणं झाली. शबानानं जैबूची कामाची लाकडी पेटी माझ्यापुढं ठेवली. "गिऱ्हाइकांच्या पुड्या हायत मावशी. अक्षर तुमचं हाय, कुनाची कुठली तुमीच सांगा." मी एकेक पुडी काढून नावं वाचत गेले, शबाना बाजूला ठेवत गेली. तळाशी एक पुडी निघाली, तिच्यावर माझं अक्षर नव्हतं. कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'शालन'. दिवाळीनंतर माझी ठुशी मी तिला दिली होती, दोरा काळा पडला म्हणून. आजारात राहून गेली असेल असं मला वाटलं होतं. ती नव्या लाल दोऱ्यात गाठवून तयार होती. गुलाबी कागदाच्या आत ठुशीभोवती आणखी एक कागद गुंडाळलेला होता, वहीचा, रेघांचा. मी तो सगळा उलगडला नाही. एक ओळ पुरली. 'त्वरित जप्त करावा.'

बोरमाळवाल्या म्हातारीनं त्या दिवशी नुसता निरोप आणला नव्हता, लेकाकडचं पत्रही आणलं होतं.

चाळीस वर्षं जिनं माझं अक्षर रोज संध्याकाळी बघितलं, तिच्यापुढं मी ते वाकडं काढून लपवायला निघाले होते. तिला माहीत होतं. "कुनीतरी आपल्यातल्यानंच" म्हणाली तेव्हाही, मी पाठीवरनं हात फिरवला तेव्हाही, त्यानंतर आठ महिने माझ्यापुढं बशीत चहा ओतत होती तेव्हाही. एका शब्दानं बोलली नाही. आणि दवाखान्यात तिनं माझा हात दाबला, त्याचा अर्थ मला वाटला होता तो नव्हता. मी समजले, ती म्हणतेय, तू माझी आहेस. ती म्हणत होती, शाले, एकदा सांगितलंस, आता नको सांगू… आणि मी आयुष्यात तेवढं एकदाच तिचं ऐकलं.

हे छापायला देण्याआधी शबानाला आणि इरफानला वाचून दाखवलं. इरफान मधेच उठून बाहेर गेला, अजून माझ्याशी बोललेला नाही. बोलू नये. शबानानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "अम्मीनं मला सांगिटलंतं, शालूची पुडी पयली करतो, मग बाकीच्यांच्या. तवा ताप हुता तिला."

काम आता शबाना करते, बाहेरच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. दोरा वाटीतल्या पाण्यात भिजवते. पाचला मी जाते, वाकळीवर बसते आणि पुड्यांवर नावं घालते. ठुशी गळ्यात असते. तापात बांधल्यामुळं असेल, मागची गाठ जाड झालीय, लिहायला मान वाकवली की टोचते. परवा शबानाच्या ते लक्षात आलं. "द्या हिकडं मावशी," ती म्हणाली, "सोडून परत नीट गाठवून देतो."

मी गळ्याला हात लावून मागं सरकले. म्हटलं, "नको गं. ऱ्हाऊ दे."